बॅरनचे पत्र आणि ब्रोलियोची लाल वाइन

शनिवार : सिएना ते गायोले

इटलीच्या तोस्काना प्रांतातले सिएना शहर मागे टाकून ईशान्येकडे निघाले की थोड्याच अंतरात उघडी, मातकट शेते संपतात आणि ओकच्या दाट रानातून वळणे घेत रस्ता चढू लागतो. कियांती हा वाइनचा प्रदेश म्हणजे क्षितिजापर्यंत पसरलेले द्राक्षमळे असे चित्र मनात घेऊन येणाऱ्याला पहिले आश्चर्य वाटते ते या रानाचेच. या प्रदेशाचा बराच मोठा भाग आजही जंगलाखाली आहे. उतारावर जिथे ऊन नीट पोहोचते आणि पाणी साचत नाही, तेवढ्याच जागा वेलींना आणि ऑलिव्हच्या झाडांना दिलेल्या आहेत.

माझ्याबरोबर माझे मामेबंधू होते. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. तीस-पस्तीस वर्षे द्राक्षबाग सांभाळून त्यांनी आता ती मुलाच्या हाती सोपवली आहे, आणि या प्रवासाची मूळ कल्पनाही त्यांचीच. कियांती क्लासिको या लाल वाइनबद्दल त्यांनी बरेच वाचले होते. ज्या गढीत या वाइनची कृती ठरली, ते ब्रोलियो आणि तिथल्या रिकासोली घराण्याची बाग त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती.

गाडी चालवता चालवता त्यांची नजर बांधावरच्या वेलींकडे जात होती. एका वळणावर थांबून ते बागेच्या कडेला गेले आणि बराच वेळ घड न्याहाळत उभे राहिले. "आपल्याकडे हे ऑक्टोबर छाटणीचे दिवस, आणि इथे घड उतरवणं चाललंय," ते म्हणाले. इथल्या वेलींना वर्षातून एकच छाटणी मिळते आणि तीही हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. मांडव कुठेच नाही. गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या उंचीवर तारेला बांधलेली वेलीची आडवी फांदी म्हणजे ओलांडा, त्यावर उभ्या वाढवलेल्या काड्या आणि वेलीमागे मोजकेच घड. मणी लहान, काळपट निळे. दादांनी एक चाखून पाहिला. गोडी भरपूर होती, पण त्यामागून आंबटपणा आला आणि शेवटी बियांचा तुरटपणा जिभेवर रेंगाळला. हेच सांजोवेझे, या सगळ्या प्रदेशाचे मुख्य द्राक्ष.

आमचा मुक्काम ब्रोलियोच्या टेकडीखालच्या एका शेतघरात होता. घरमालकीणबाई सत्तरीच्या असाव्यात. रात्रीच्या जेवणात त्यांनी रिबोल्लिता वाढली. काळी पानकोबी, पांढऱ्या शेंगदाण्यांसारख्या दिसणाऱ्या घेवड्याच्या बिया आणि शिळा पाव एकत्र शिजवून, दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळून केलेले हे दाट सूप. वरून हिरवट, घशाला किंचित झोंबणारे ऑलिव्हचे तेल. तोस्कानातला पाव बिनमिठाचा असतो. नुसता खाल्ला तर तो अळणी लागतो, पण खारट चीज आणि या सूपाबरोबर त्याचे प्रयोजन लगेच पटते. जेवण आटोपताना बाईंनी सांगितले, "उद्या पहाटे साडेचारला उठा आणि गढीच्या रस्त्याला जाऊन उभे राहा. का ते विचारू नका."

प्रवाशांसाठी थोडेसे : इटलीत भाड्याने गाडी घ्यायची असल्यास भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना हवाच. सिएना आणि फ्लॉरेन्सच्या जुन्या भागांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि कॅमेरे दंडाची नोंद करतात, म्हणून गाडी तटाबाहेरच्या वाहनतळावर ठेवावी. इटलीत चालकाच्या रक्तातील मद्याची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे. दोघे असाल तर वाइन चाखण्याच्या दिवशी गाडी कोणी चालवायची ते सकाळीच ठरवून टाकावे.

रविवार : मेणबत्त्यांचा रस्ता आणि गढी

पहाटे बाहेर पडलो तेव्हा दरीत धुके होते आणि थंडी अंगात शिरत होती. गढीकडे चढणाऱ्या, सायप्रसच्या झाडांमधून जाणाऱ्या पांढऱ्या खडीच्या रस्त्यावर दुतर्फा दिवे लावलेले होते. थोड्या वेळाने अंधारातून चाकांचा खरखर आवाज आला आणि एकामागून एक सायकलस्वार वर येऊ लागले. लोकरीच्या जुन्या जर्सी, पोलादी सांगाड्याच्या सायकली, हँडलच्या बाहेरून गेलेल्या ब्रेकच्या तारा, छातीवर आडवी टाकलेली सुटी ट्यूब. ही होती लेरोइका. १९९७ पासून गायोले गावात दर वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी भरणारी जुन्या सायकलींची ही फेरी. शर्यतीच्या ज्या सायकली १९८७ पूर्वी बनलेल्या आहेत, त्यांनाच तिच्यात मुख्यतः प्रवेश मिळतो. सर्वांत लांबचा मार्ग दोनशे किलोमीटरांच्या पुढे जातो आणि त्याचे स्वार दिवस उजाडण्यापूर्वीच निघतात.

पांढऱ्या खडीचे हे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, या तळमळीतून हा उपक्रम सुरू झाला. चढावर दमून खाली उतरलेले एक पांढऱ्या दाढीचे स्वार आमच्याजवळ क्षणभर थांबले आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "रस्ता पांढरा राहिला, तर बाग बाग राहते." मग सायकल हाताने ढकलत ते वर गेले. सकाळभर मला त्यांचे बोलणे आठवत राहिले, कारण ब्रोलियोत त्यानंतर जे पाहिले त्याचा संबंध जपण्याशी आणि सुधारण्याशीच होता.

गढी पाहायला आम्ही दहानंतर गेलो. ११४१ मध्ये जमिनींच्या अदलाबदलीतून ब्रोलियो रिकासोली घराण्याकडे आले. फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन वैरी नगरराज्यांच्या सीमेवर ही टेकडी असल्याने तिच्या वाट्याला वेढे आणि जाळपोळ वारंवार आली. १४७८ मध्ये अरागॉनच्या फौजांनी गढी उद्ध्वस्त केली. त्यानंतर फ्लॉरेन्सने ती पुन्हा उभारली. आज दिसणारे भक्कम, टोकदार बुरूज त्या काळचे असून त्यांचे श्रेय वास्तुविशारद जुलियानो दा सांगाल्लो यांना दिले जाते. तोफांचा मारा झेलण्यासाठी असे बुरूज बांधण्याच्या इटलीतील आरंभीच्या प्रयत्नांत त्यांची गणना होते. आतला लाल विटांचा नव-गॉथिक वाडा एकोणिसाव्या शतकातला आहे. करड्या दगडी तटाच्या मधोमध उठलेला तो लाल वाडा प्रथम विसंगत वाटतो. तटावरून एक फेरी मारल्यावर नजर त्याला सरावते. भिंतींवर दुसऱ्या महायुद्धातील गोळ्यांच्या खुणा आहेत आणि त्या बुजवलेल्या नाहीत.

तटावरून नैर्ऋत्येला सिएनाचे मनोरे दिसतात आणि दक्षिणेला अमियाता पर्वताची निळी रेघ. खाली द्राक्षमळे, ऑलिव्ह आणि रान. रिकासोलींच्या सुमारे १,२०० हेक्टरांपैकी द्राक्षांखाली सुमारे २४० हेक्टर आहेत. वरून पाहताना प्रत्येक तुकड्याच्या ओळींची दिशा वेगळी दिसते. दादांनी तटावर उभे राहूनच कोणता उतार सकाळचे ऊन घेतो आणि कोणता दुपारचे, याचा हिशेब मांडला.

संत जेकबच्या नावाने असलेल्या छोट्या प्रार्थनामंदिराखाली घराण्याची समाधिस्थळे आहेत आणि गढीतील संग्रहालयात शस्त्रे, कागदपत्रे आणि बॅरन बेत्तिनो रिकासोली यांच्या वापरातील वस्तू मांडलेल्या आहेत. बेत्तिनो यांचा जन्म १८०९ मधला. कर्जात बुडालेली जमीनदारी तरुणपणीच त्यांच्या अंगावर आली आणि ती सावरताना शेती हा त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. स्वभाव इतका करारी की लोक त्यांना 'पोलादी बॅरन' म्हणत. जून १८६१ मध्ये पहिले पंतप्रधान काव्हूर यांच्या निधनानंतर नव्याने एक झालेल्या इटलीचे ते दुसरे पंतप्रधान झाले आणि १८६६-६७ मध्ये पुन्हा एकदा ती जबाबदारी त्यांनी सांभाळली. १८८० मध्ये त्यांचा शेवट ब्रोलियोतच झाला. रात्री त्यांचा आत्मा घोड्यावरून रानात फिरतो, अशी दंतकथा आमच्या घरमालकीणबाईंनीही सांगितली.

राज्यकारभारापेक्षा मला त्यांच्या पत्राचे महत्त्व अधिक वाटते. कोणत्या जातीची द्राक्षे कोणत्या मेळाने एकत्र करावीत, याचे प्रयोग त्यांनी अनेक वर्षे केले, फ्रान्समधील वाइन उत्पादकांच्या पद्धती पाहिल्या आणि १८७२ मध्ये पीसा विद्यापीठातील प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना आपला निष्कर्ष लिहून कळवला. त्याचा आशय असा : वाइनला सुगंध आणि जोम मुख्यतः सांजोवेझेपासून मिळतो; कनायोलो हे दुसरे काळे द्राक्ष त्याचा कठोरपणा मवाळ करते आणि सुगंधाला धक्का लावत नाही; माल्वाझिया हे पांढरे द्राक्ष मिश्रण हलके करून रोजच्या जेवणासाठी लवकर पिण्याजोगे बनवते, पण जी वाइन मुरवायची आहे तिच्यात त्याच्याशिवायही चालेल.

या शेवटच्या वाक्यावर कियांतीचे पुढचे शतक फिरले आहे असे माझे मत झाले. बॅरननी दोन वेगळ्या वाइन डोळ्यांपुढे ठेवल्या होत्या, एक रोजची आणि दुसरी मुरवण्याची. पुढे जेव्हा नियम झाले तेव्हा हा भेद पुसला गेला. १९६७ च्या नियमावलीने कियांतीत पांढरी द्राक्षे किमान १० टक्के आणि कमाल ३० टक्क्यांपर्यंत घालण्यास सांगितले. उत्पादन वाढवण्याच्या काळात हे अनेकांच्या सोयीचे होते, परंतु त्यामुळे वाइन पातळ आणि अल्पायुषी झाली. चांगली वाइन करू पाहणाऱ्यांना नियमाबाहेर जावे लागले. वाइन बनवणाऱ्या आंतिनोरी घराण्याने १९७१ च्या हंगामापासून तिन्यानेल्लो ही वाइन कियांतीचे नाव न लावता केली, हे त्याचे गाजलेले उदाहरण. १९८४ मध्ये पांढऱ्या द्राक्षांचे प्रमाण नाममात्र झाले, १९९६ मध्ये संपूर्ण सांजोवेझेची वाइन कियांती क्लासिको म्हणून विकता येऊ लागली आणि २००६ च्या हंगामापासून पांढरी द्राक्षे पूर्ण वगळली गेली. मुरवण्याच्या वाइनबद्दल बॅरननी जे लिहून ठेवले होते, तिथे पोहोचायला एवढा काळ लागला.

गढीच्या तिकिटात बागा, तट, प्रार्थनामंदिर आणि संग्रहालय येते. वाड्याचा राहता भाग घराण्याचा खासगी आहे. तटावरून चालायला सपाट, न घसरणारे बूट घालावेत. लेरोइकाच्या दिवशी यायचे असेल तर परिसरातील खोल्या कित्येक महिने आधी भरतात, हे लक्षात ठेवावे.

सोमवार : पाऊस, तळघर आणि चार पेले

रात्री पाऊस लागला आणि सकाळीही थांबला नाही. काढणी बंद होती. सांजोवेझेचे साल पातळ असते आणि ते उशिरा, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये पिकते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यातला पाऊस मणी फुगवतो, फोडतो आणि बुरशीला वाट देतो. घरमालकीणबाई दारात उभ्या राहून आकाशाकडे पाहत होत्या. दादाही त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. एकमेकांची भाषा येत नसलेली ती दोन माणसे बराच वेळ तशीच होती. पिकावर पाऊस आल्यावर बागायतदाराच्या पोटात जे होते, ते बोलून सांगावे लागत नाही.

वाइनरीची भेट आधी ठरलेली होती. गढीच्या पायथ्याशी असलेल्या तळघरांतून आम्हाला हिंडवणाऱ्या तरुणीचे वनस्पतीशास्त्राचे शिक्षण झाले होते आणि दादांच्या प्रश्नांनी ती खुलली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रोलियोचा वाइन व्यवसाय परदेशी मद्यकंपन्यांच्या ताब्यात गेला होता. १९९३ मध्ये घराण्यातील ३२ वे बॅरन फ्रांचेस्को रिकासोली यांनी तो परत घेतला आणि पहिला हात बागेला घातला. जुन्या वेली टप्प्याटप्प्याने काढून नव्या लावल्या, शास्त्रज्ञांच्या मदतीने सगळ्या जमिनीचा नकाशा केला, ब्रोलियोच्याच जुन्या वेलींमधून सांजोवेझेचे निवडक वाण वेगळे काढले. एवढ्या थोरल्या घराण्याच्या वारसाने पूर्वजांच्या कीर्तीवर विसंबून न राहता माती तपासायला घेतली, ही गोष्ट मला तिथल्या बुरुजांपेक्षा मोठी वाटली.

त्या नकाशातून मातीचे पाच मुख्य प्रकार पुढे आले. उंचावरचा वालुकाश्म, ठिसूळ पापुद्र्यांच्या खडकाची जमीन, अल्बेरेझे या चुनखडीच्या दगडांनी भरलेली चिकणमाती, प्राचीन समुद्राने मागे ठेवलेला गाळ आणि जुन्या नदीच्या पायऱ्या. यांपैकी तीन जमिनींवरच्या एकेका बागेची वाइन स्वतंत्र बाटलीत भरली जाते. चुनखडीवरची कोल्लेदिला, समुद्री गाळावरची रोंचिकोने आणि नदीच्या पायरीवरची चेनिप्रिमो. तिन्हींमध्ये द्राक्ष एकच, सांजोवेझे.

काळ्या द्राक्षाचाही रस जवळजवळ पांढराच असतो. लाल रंग आणि तुरटपणा सालीत असतो, म्हणून मणी सालीसकट टाक्यांत आंबवले जातात. वर येऊन तरंगणारा सालींचा थर वेळोवेळी खालच्या रसाने भिजवत राहावे लागते. आम्ही गेलो तेव्हा त्या टाक्या कामात होत्या आणि सगळ्या दालनात आंबत्या फळांचा उबदार, डोळ्यांना चुरचुरणारा वास भरला होता. आंबण्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड खाली साचतो, म्हणून दारे सताड उघडी होती. त्यापुढच्या थंड दालनात ओकची पिंपे होती. पिंप जितके मोठे, तितका लाकडाचा वास कमी उतरतो. कोल्लेदिलासाठी ५०० लिटरची पिंपे वापरतात, हे ऐकून दादांनी मान हलवली, कारण लाकडाच्या वासाखाली दबलेली वाइन त्यांना आवडत नाही.

मग चाखणे. प्रथम साधी ब्रोलियो कियांती क्लासिको. नियमाप्रमाणे किमान १२ महिने मुरवलेली, ताज्या आंबट चेरीसारखी, हलकी आणि मोकळी. त्यानंतर २४ महिन्यांची रिझेर्वा, अधिक भरीव. मग गढीचेच नाव लावणारी कास्तेल्लो दी ब्रोलियो ग्रान सेलेत्सिओने. ही सर्वांत वरची श्रेणी २०१४ मध्ये आली. तिला किमान ३० महिने मुरवावे लागते आणि द्राक्षे उत्पादकाच्या स्वतःच्या बागांतलीच लागतात. हिचा वास आधी मिटलेला होता. पेला हातात धरून दहा-पंधरा मिनिटे थांबल्यावर पिकलेली चेरी, सुकलेली फुले आणि तमाखूची पाने अशी एकेक छटा वर आली. शेवटी कोल्लेदिला. रंगाने ती गडद नव्हती, पेल्यातून पलीकडचे बोट दिसत होते, आणि तरीही तिच्यात जी ताकद होती ती मी अन्य वाइनमध्ये क्वचित अनुभवली आहे. आधी संत्र्याच्या सालीचा गंध, मग चेरी, मग तोंडभर पसरणारा पण न बोचणारा तुरटपणा आणि गिळल्यानंतर कितीतरी वेळ टिकणारी खनिज चव. दादांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "परवा त्या बांधावर जे चाखलं ते सगळं यात आहे. काही हरवलेलं नाही." मला अधिक अचूक वर्णन सुचत नाही.

दुपारी पाऊस थांबला आणि वारा सुटला. मार्गदर्शक तरुणीच्या म्हणण्याप्रमाणे पावसानंतर हा वाराच हवा असतो, कारण तो घड वाळवतो. चुनखडीच्या बागेच्या कडेने चालताना पायाखाली पांढरे दगड लागत होते आणि चिखल जवळजवळ नव्हता. पाणी खाली निघून गेले होते.

संध्याकाळी पिची हे हाताने वळलेले जाड शेवयांसारखे पास्ता, लसूण-टोमॅटोच्या रश्श्यात खाल्ले. मी रानडुकराच्या मांसाचा रस्साही घेतला. सांजोवेझेचा आंबटपणा टोमॅटोला आणि तेलाला इतका सहज पेलतो की ही वाइन जेवणापासून वेगळी करून पिणे मला अपुरे वाटते.

चाखण्यासाठी वेळ आधी राखून ठेवावी आणि काढणीच्या हंगामात तर नक्कीच. वाइन चाखून थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते. तसे करण्यात कोणालाही गैर वाटत नाही. लहान गावांत दुपारी दुकाने बंद असतात, त्यामुळे खरेदी सकाळी उरकावी.

मंगळवार : राद्दा, काळा कोंबडा आणि परत सिएना

निघण्याच्या दिवशी आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते आणि बागांत पुन्हा माणसे दिसू लागली. राद्दा हे टेकडीवरचे गाव गायोलेपासून जवळ आहे. १४ मे १९२४ रोजी इथेच ३३ उत्पादकांनी एकत्र येऊन कियांती वाइनच्या संरक्षणासाठी संघ स्थापन केला आणि काळा कोंबडा ही त्याची खूण ठरवली. कारण नाव वापरणारे वाढले होते. तोस्कानाचे अधिपती कोझिमो तिसरे यांनी १७१६ मध्येच कियांतीच्या सीमा फर्मान काढून आखून दिल्या होत्या. विसाव्या शतकात दूरदूरची वाइनही कियांती म्हणून विकली जाऊ लागली, तेव्हा मूळ प्रदेशाच्या नावापुढे 'क्लासिको' जोडले गेले. आज बाटलीच्या गळ्यावर काळा कोंबडा दिसला तर ती या मूळ प्रदेशातली, हे ओळखायला सोपे आहे.

कोंबड्याची कथा आम्हाला फोंतेरुतोली या खेड्यात चहा पिताना दुकानदाराने पुन्हा सांगितली. फ्लॉरेन्स आणि सिएनाने सीमेचा वाद मिटवण्यासाठी ठरवले की, कोंबडा आरवताच दोन्ही शहरांतून एकेक स्वार निघेल आणि ते भेटतील तिथे सीमा. सिएनाने पांढरा कोंबडा खाऊपिऊ घालून पोसला. फ्लॉरेन्सने काळा कोंबडा उपाशी ठेवला, तो भुकेने पहाटेच्या कितीतरी आधी आरवला आणि फ्लॉरेन्सचा स्वार जवळजवळ सिएनापर्यंत येऊन पोहोचला. भेट झाली ती याच खेड्यात. सांगणारा सिएनाच्या बाजूचा होता आणि इतक्या शतकांनंतरही त्याच्या स्वरात हळहळ होती.

सिएनात संध्याकाळी आम्ही कांतुच्ची ही बदामाची कडक बिस्किटे आणि विन सांतो ही सुकवलेल्या द्राक्षांची गोड वाइन घेतली. दादांनी मुलाला फोन लावून अर्धा तास मातीबद्दलच सांगितले. परतल्यावर बागेच्या प्रत्येक तुकड्याची माती वेगळी तपासून घ्यायची, असे दोघांचे ठरले.

बाटल्या आणायच्या असल्यास त्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या सामानात ठेवाव्यात. भारतात येताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या निर्धास्त बसतात. घरी त्या आडव्या, अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवाव्यात. ग्रान सेलेत्सिओने उघडायची असेल तेव्हा तासभर आधी उघडून १८ अंशांच्या आसपास द्यावी. आपल्या खोलीतल्या उष्ण तापमानाला तिचा मद्यार्क नाकात चढतो आणि सुगंध दबतो. काढणी पाहायची असेल तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा निवडावा. वाइनरीतील माणसांशी निवांत बोलायचे असेल तर मे महिना बरा, कारण त्या दिवसांत वेलींना फुलोरा येऊ लागलेला असतो आणि तळघरात घाई नसते.